खरबरीत ठेवलेली फळी

सव्वा महिना झाला. सकाळी डबे भरत होते, तेवढ्यात पाष्टेकाकांच्या मुलीचा गुहागरहून व्हॉइस मेसेज आला. "काकू, बाबा गेले हो... झोपेतच. तुमच्या पाकोळ्या आल्या का, म्हणून परवाच विचारत होते." तव्यावरची पोळी करपून गेली, मला पत्ताच नाही. तुमच्या म्हणे! अहो काका, पाकोळ्या तुमच्या, आम्ही नुसते भाडेकरू.

काशिनाथ पाष्टे म्हणजे सुतार माणूस. इकडे आखातात, हमरियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांसाठी लाकडी पेट्या बनवायचे आणि रोल्ला भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर सहा जणांच्या खोलीत राहायचे. आम्ही चौथ्या मजल्यावर. त्यांची कंपनीची बस आणि माझ्या सईची स्कूलबस एकाच वेळी यायची, तेवढीच ओळख. एके दिवशी वर बघत म्हणाले, "वैनी, तुमच्या जुन्या एसीच्या भोकात पाकोळीचं घरटं आहे. गावाला आमच्या देवळात असतात, तसंच." आमच्या इमारतीतले खिडकीचे एसी काढून टाकले होते. भोकं आतून फळी ठोकून बुजवलेली, बाहेरून मात्र उघडीच. तीन वर्षं त्या भिंतीपलीकडे पाखरं नांदत होती आणि मला खबर नाही!

मला तर काय, निमित्तच हवं असतं. लगेच इमारतीतल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकलं, आणि आपल्याकडे गॅलरीत ठेवतात तसं अकरा घरांत पाण्याचं भांडं आणि बाजरीची वाटी लागली. फोटो काय, कौतुक काय! पाकोळी मात्र एकही फिरकली नाही. आली ती कबुतरं, थव्याने. खालच्या गाड्या अशा काही घाण झाल्या की आठवड्यात इमारतीच्या मॅनेजरची नोटीस लागली. सगळी भोकं सिमेंटने बंद करणार.

काका संध्याकाळी वर आले. "वैनी, पाकोळी दाणा खात नाही हो. वाटीवर बसतही नाही. उडता उडताच किडे धरते, पाणीही तसंच पिते." मी शरमेने मेले. भोकात पिल्लं होती. कान लावला की चिर्रर्र ऐकू यायचं. माझ्या बाजरीपायी ती जिवंत गाडली जाणार होती, दुसरं काय!

वाट्या काकांनी स्वतः घरोघर फिरून उचलायला लावल्या. मग मॅनेजरपुढे उभे राहिले. हिंदी त्यांचं यथातथाच. "साब, कबूतर बंद करो. लेकिन ये दो उंगली का पंछी है. मैं फळी बनाता, दो उंगली का फट रखता. कबूतर अंदर नहीं, ये अंदर." मॅनेजर म्हणाला, "एक फळी लगाओ. तीन दिन. नहीं चला तो खलास, सिमेंट."

पेटीच्या उरलेल्या प्लायवूडची ती फळी म्हणजे दागिना होता. रंधा मारलेली, फटीच्या कडा गुळगुळीत, वर पांढरा ऑइलपेंट. काका माझ्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले, आमच्या नातूरने, म्हणजे रखवालदार रफीकने, त्यांचा पट्टा धरला आणि भोकाच्या तोंडावर फळी बसली. पाकोळ्या आल्या, फटीशी भिडल्या, घसरल्या, किंचाळत गेल्या. दिवसभर हेच. आतली चिरचिर दुसऱ्या दिवशी बारीक झाली. सई रडकुंडीला आली. "आई, दे आर स्टार्व्हिंग!"

तिसऱ्या दिवशी, बारा वर्षांत कधी खाडा न केलेल्या माणसाने कंपनीची बस सोडली. खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर मान वर करून बसले. तासाभराने धापा टाकत वर आले. "चूक माझी, वैनी. तिचे पाय नावालाच. नखांनी धरून लटकते ती. आणि मी कडा गुळगुळीत करून ठेवल्या... हातसफाई दाखवायला!" पुन्हा खिडकीतून वाकले, पुन्हा रफीकने पट्टा धरला, आणि या माणसाने पटाशीने आपलंच सुंदर काम ओरबाडून काढलं. सुताराला ते किती जड गेलं असेल, मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुपार व्हायच्या आत एक पाकोळी आली, कडेला लटकली आणि आत शिरली. आतून असा कल्ला उठला म्हणता! काका हसत सुटले. मॅनेजर आला, बघून गेला, म्हणाला, "यल्ला, चलो, बाकी भी लगाओ." पुढच्या सुट्ट्यांमध्ये काकांनी सगळ्या भोकांना फळ्या केल्या, सगळ्या मुद्दाम खरबरीत. समोरच्या दोन इमारतींनीही मागून नेल्या. एवढा अभिमान मला माझ्या पदवीचा वाटला नव्हता.

मागच्या वर्षी ते कायमचे गावी गेले. परवा इमारतीला रंग द्यायला माणसं आली. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या झोपाळ्यावरचा रंगारी माझ्या खिडकीशी थांबला आणि फळी घासून नीट करायला पॉलिशपेपर काढला. मी ओरडणार, तोच खालून रफीकचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "अरे, उसको हाथ मत लगाना! मिस्त्री ने ऐसाच बनाया है!"

रंगाऱ्याने पेपर खिशात घातला. झोपाळा पुढच्या खिडकीकडे सरकला, आणि थोड्या वेळाने पाकोळी आली. पटाशीच्या त्या ओरखड्यांना नखं रोवून क्षणभर लटकली, आणि आत गेली... आल्या हो काका, तुमच्या पाकोळ्या आल्या.