कोटातले बाबा

बाबा गेले आणि मगच आमच्या लक्षात आलं की घरात त्यांचा एकट्याचा फोटो नाही. एकोणिसशे पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट, आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन. तेराव्याला पाटावर फोटो ठेवून हार घालायचा, आणि सापडला तो एकच: बारवी धरणावरच्या सहलीतला, चारचौघांबरोबरचा, अंगात बनियन, हातात भजी, तोंडभर हसू.

आई एवढंच म्हणाली, "मला त्यांचा चेहरा समोर पाहिजे. बाकी काही करा."

मी उल्हासनगरला एका सिंधी फोटोवाल्याकडे गेले. तेराव्याच्या सकाळी त्याने फ्रेम हातात ठेवली आणि म्हणाला, "बेटा, पापा को एकदम साहब बना दिया!" बनियनवर काळा कोट, टाय, हसू गायब. डाव्या गालावर डाळीएवढा काळाभोर तीळ होता, तोही डाग समजून पुसलेला! अस्सा राग आला, पण घरी भटजी येऊन बसले होते. करते काय?

आईने फोटो पाहिला. "हे गृहस्थ कोण? यांना मी हार घालणार नाही."

आत्या म्हणाली, "अगं वहिनी, कोटात किती रुबाबदार दिसतोय दादा! घाल, जेवणं खोळंबलीत."

आई जागची हलली नाही. म्हणाली, "माझी काजळाची डबी द्या."

ती डबी आत्यानेच कुंकवाच्या करंड्याबरोबर दहाव्याला माळ्यावर टाकली होती. आता हिला कशाला पाहिजे, हे विचारायची कुणाची छाती होईना. मीच स्टुलावर चढून काढून दिली.

आईने बोटाला काजळ घेतलं आणि फोटोच्या काचेवर, डाव्या गालावर, तीळ काढला. जरा लांबून बघितलं. "हं. आता हे आमचे." मग हार घातला आणि पहिल्यांदा रडली. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

पुढे दर श्राद्धाला काच पुसली की ती तीळ नव्याने काढायची. नव्वद सालानंतर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि तीळ सरकायला लागला, एकदा ओठावर, एकदा कानाजवळ. आम्ही तोंड दाबून हसायचो. "नीट आलाय ना गं?" ती विचारायची. मी म्हणायचे, "अगदी जागेवर."

आई गेली त्या वर्षी तो नाकाच्या शेंड्यावर होता. अजून तिथेच आहे. काच मी पुसते, तेवढी जागा सोडून.