कन्सेशन फॉर्मच्या खोलीत

प्रॅक्टिकलची जर्नलं कशी साठतात ते सायन्सच्या कुठल्याही मास्तरला विचारा. मुलं पास होऊन निघून जातात, जर्नल न्यायला कुणी येत नाही, आणि कुणीतरी मन लावून काढलेली जास्वंदीची आकृती रद्दीत टाकवत नाही. आमच्या खोलीतले किस्से तसेच साठलेत. टाकवत नाहीत म्हणून सांगते. नावं बदलली आहेत, आणि ज्यांचे किस्से आहेत त्यांना विचारलंय.

मी पनवेलच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवते. काही वर्षांपूर्वी आमची दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गेली. तिने स्वतःला संपवलं. माझ्या वर्गात ती दुसऱ्या बाकावर बसायची. तिचा किस्सा मी सांगणार नाही, कुणीच सांगू नये. एवढंच सांगते, की त्यानंतर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक खोली, दोन खुर्च्या आणि एक कपाट दिलं. सोमवारी आणि गुरुवारी समुपदेशक येणार, बाकीचं तुम्ही बघा, म्हणाले. मी म्हटलं, मी झाडांची डॉक्टर, माणसांची नाही. ते म्हणाले, "तुमच्याशी मुलं बोलतात, तेवढं पुरे."

समुपदेशक म्हणजे शबनम तुंगेकर. उलव्याहून स्कूटरवर यायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण पहिल्याच दिवशी दाराकडे बघून तिने कपाळाला हात लावला. दारावर पेंटरने लाल अक्षरात लिहिलं होतं, 'आत्महत्या प्रतिबंध कक्ष'.

दोन महिने कुणी फिरकलं नाही. एक मुलगा आला होता, पण तो टॉयलेट शोधत होता.

शेवटी आमच्या लायब्ररीतले शिपाई घरत मामा म्हणाले, या दारातून आत जाताना कुणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत पोराच्या घरी फोन जाईल. मग काय करायचं, असं मी विचारलं. मामा गव्हाणचे, आगरी बोलतात. ते म्हणाले, "फारमासाठी पोरा कुठं पन जातान, मॅडम. त्यांना कोन इचारत नाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधलं रेल्वे कन्सेशनच्या फॉर्मचं टेबल आमच्या खोलीत आलं. लाल पाटी गेली, 'कन्सेशन फॉर्म येथे मिळतील' अशी आली. पहिल्याच सोमवारी दहा मुलं आली. नऊ जणांना खरंच फॉर्म हवे होते. उरलेली एक मुलगी फॉर्म घेऊन बराच वेळ उभीच राहिली. शबनमने तिला खुर्ची दिली, आणि ती तासभर बोलली. निघताना फॉर्म टेबलावरच विसरली. गव्हर्नमेंट ज्या गावाला रेल्वे देऊ शकलेलं नाही, अशा गावची होती ती!

*

मग शिक्षकांचं ट्रेनिंग झालं. शबनमने सांगितलं, मूल फार खचलेलं दिसलं तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ त्याच शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो.

ऐकायला सोपं वाटतं. आम्ही जोड्या लावून सराव केला तेव्हा एकाच्याही तोंडातून शब्द फुटेना. कॉमर्सचे देशमाने सर, व्यापारी कायदा शिकवतात, आवाज असा की माइक लागत नाही. ते माझ्यासमोर बसून म्हणाले, "तुझ्या मनात तसलं... म्हणजे काही वेडंवाकडं... येत नाही ना?"

शबनम म्हणाली, "सर, 'नाही ना' असं विचारलंत तर कुणीही 'नाही'च म्हणेल. तुम्ही उत्तर स्वतःच देऊन टाकलंत."

सरांना ते लागलं. तिने त्यांना होमवर्क दिला, घरी आरशासमोर उभं राहून हे वाक्य दहा वेळा म्हणायचं. सर प्रामाणिक माणूस. रविवारी सकाळी बेडरूममधल्या आरशासमोर उभे राहिले. सात-आठ वेळा पुटपुटले, मग वर्गातल्या आवाजात एकदा नीट म्हटलं, "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आता नाही येत. मिहीर झाला तेव्हा यायचे."

मिहीर त्या वर्षी बारावीला होता.

सरांनी हे आम्हाला पुष्कळ महिन्यांनी सांगितलं. मग तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं. पोळ्या करत होती, गॅस बंद केला, म्हणाले. आमच्या सगळ्या स्टाफमध्ये मुलांना हा प्रश्न सर्वांत नीट कोण विचारत असेल तर ते देशमाने सर.

*

पोस्टर स्पर्धेचा किस्सा मात्र आमच्या चुकीचा आहे. विषय दिला 'आत्महत्या नको, जीवन हवे'. साठेक पोस्टरं आली. पहिला नंबर ज्याला दिला त्याच्यावर मोठ्या अक्षरात होतं, 'आत्महत्या म्हणजे पळपुटेपणा'. चित्र सुरेख होतं, परीक्षक मीच होते. पोस्टर जिन्यात लावलं.

तिसऱ्या दिवशी ऋतुजा नावाची प्रथम वर्षाची मुलगी माझ्या लॅबमध्ये आली. नंबर कुणी दिला, असं तिने विचारलं. मी दिला, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, माझे बाबा पळपुटे नव्हते. ते आजारी होते. आणि मला रोज त्या जिन्याने वर जावं लागतं."

मी तिच्याबरोबर जिन्यात गेले आणि तिच्यासमोर पोस्टर उतरवलं. ज्या मुलाने काढलं होतं त्याला नंतर बोलावून समजावलं. तो बिचारा कळवळला, त्याने ते वाक्य कुठल्याशा फॉरवर्डवरून उचललं होतं.

शबनमने ऋतुजाला विचारलं, या जागी काय लावायला हवं ते तू लिहिशील का? तिने आठवडा घेतला. चित्रबित्र काही नाही, साध्या निळ्या पेनाने लिहून आणलं, 'गेलेल्यांबद्दल बोलताना जपून बोला. त्यांची माणसं वर्गात बसलेली असतात.'

ते अजून जिन्यात आहे. शाई उडाली की ऋतुजा येऊन पुन्हा गिरवते. आता ती एम.ए. करतेय.

*

एक आई शबनमला फोन करायच्या. मुलगी आठ दिवस खोलीतून बाहेर येत नव्हती, जेवण दाराशी ठेवावं लागत होतं. डॉक्टरांकडे नेलं होतं, गोळ्या सुरू होत्या, पण घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मोबाइल काढून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. शबनम म्हणाली, मोबाइल असू दे, तुम्ही आत जा.

"आत जाऊन काय बोलू?"

"काही बोलू नका. कपड्यांच्या घड्या घाला."

दोन दिवसांनी पुन्हा फोन. घरातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या झाल्या, आता काय करू? शबनम म्हणाली, "मोडा आणि परत घाला."

चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, आई, तो टॉवेल तू सहाव्यांदा घडी करतेयस. मग दोघी हसल्या, मग रडल्या. पुढच्या सोमवारी दोघी मिळून खोलीत आल्या. फॉर्म न्यायला.

*

आता प्रथमेशचं. तो सध्या उलव्यात एका लॅबमध्ये काँक्रीटचं टेस्टिंग करतो. इतकी बांधकामं चाललीत तिकडे की त्याला मान वर करायला फुरसत नसते. सांगू का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "सांगा मॅडम, पण बॅनरसकट सांगा."

तो गव्हाणचा. घरातला पहिला सायन्सला गेलेला मुलगा. तिसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले आणि घरी त्याने सांगितलं, पास झालो. घरच्यांनी काय करावं? गावच्या स्टॉपवर दहा फुटी बॅनर लावला. प्रथमेशचा गॉगल घातलेला फोटो, 'बी.एस्सी. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली पस्तीस शुभेच्छुकांचे फोटो. हा रोज त्या बॅनरखालून बस पकडायचा, एम.एस्सी.ला जातो सांगून कॉलेजात यायचा आणि दिवसभर लायब्ररीत बसायचा.

एका दुपारी त्याने सगळी पुस्तकं परत केली. स्वतःचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर शेजारच्या मुलीला देऊन टाकला. घरत मामांना म्हणाला, मामा, चाललो.

मामांना ट्रेनिंगला कुणी बोलावलेलं नव्हतं. पण चहा द्यायला ते दाराशी उभे होते आणि त्यांनी ऐकलं होतं, की माणूस जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागला तर लक्ष द्या. परीक्षा तोंडावर असताना पुस्तकं परत कोण करतं, एवढंच ते ग्रंथपालांना म्हणाले आणि हाफ डे टाकून प्रथमेशच्या मागोमाग त्याच्याच बसमध्ये चढले.

गावच्या स्टॉपवर दोघं उतरले. मामांनी त्याला तिथल्या कट्ट्यावर बसवलं आणि ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं तसं सरळ विचारलं, "प्रथमेश, तुज्या मनान जीव द्याचा इचार हाय काय?"

तो खाली बघत म्हणाला, "हाय."

इथे मामांची पंचाईत झाली. ट्रेनिंगचा पुढचा भाग त्यांनी ऐकलाच नव्हता, कारण तेवढ्यात ते कप धुवायला गेले होते. मग त्यांनी एका हाताने त्याचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने शबनमला फोन लावला. पोरगा हो म्हणाला, आता पुढं काय इचारू? शबनम म्हणाली, काही विचारू नका, त्याला सोडून हलू नका, मी निघाले. उलव्याहून गव्हाण जवळच. ती येईपर्यंत मामा दंड धरून बसून राहिले. तोवर प्रथमेशने त्यांना दोन विषयांचं सगळं सांगितलं होतं.

शबनम बराच वेळ त्याच्याशी बोलली. वडिलांना सांगायचं का, हे त्यालाच विचारलं. तो म्हणाला, मी नाही सांगू शकत, तुम्ही सांगा. तिघं घरी गेले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. नापास झाला ते ऐकलं, खोटं बोलला ते ऐकलं, आणि मनात काय होतं तेही ऐकलं. पोराला जवळ बसवून पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जातो, म्हणाले. मग उठले, शिडी खांद्यावर घेतली आणि स्टॉपकडे निघाले.

मामा आणि प्रथमेश मागोमाग गेले. वडील वर चढून विळ्याने बॅनरच्या दोऱ्या कापायला लागले. प्रथमेशने खालून शिडी धरली. चार माणसं जमली. बॅनरवरच्या शुभेच्छुकांपैकीच एकाने विचारलं, काय रे, का काढतंस?

"चुकलाय," वडील म्हणाले.

त्याने मान वर करून बॅनर नीट वाचला. "पोराचा नाव तं बराबर हाय."

"त्याचा नाय," वडील म्हणाले. "माजा चुकलाय."