टोपाच्या मापाचं भोक

मी संशयी आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. गोठ्यातली माझी म्हैस एका सकाळी मला न विचारता विकली गेली आणि तिच्या जागी नवऱ्याचं ड्रिल मशीन येऊन बसलं, तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवते. हे मुंबईला गोदीत फिटर होते. निवृत्त होऊन आचऱ्याला आले आणि गोठ्याचा कारखाना झाला. त्याचंही मला काही नाही. या घरात माझ्या पाठीमागे पुन्हा काही ठरू नये, एवढंच मला हवं होतं.

शिमग्याच्या आधी टेम्पोतून एक लोखंडी प्लेट आली. चांगली जाड, दोघांनी धरून उतरवावी लागली.

"ही कित्याक?" मी विचारलं.

"पंपाखाली घालूक," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने विचारलं तर तिला सांगितलं, देवळाचं काम आहे. आता पंप आणि देव एकाच प्लेटीवर कसे बसणार? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच.

त्यात फोनचं नवं नाटक. मुलगा मुंबईहून रोज फोन करतो. इतकी वर्षं हे पडवीत बसून, अर्ध्या वाडीला ऐकू जाईल असं त्याच्याशी बोलत आले. आता फोन वाजला की उठून माडांत जायचे. म्हणे पडवीत रेंज नाही! परत आले की माझ्याकडे न बघता पाणी मागायचे.

म्हणून ज्या दिवशी प्लेट कापायला घेतली, त्या दिवशी मी तांदूळ निवडायच्या निमित्ताने गोठ्याच्या दारातच बसले. गॅसने कापलं असतं तर घटकेत झालं असतं, पण त्याने काठ ओबडधोबड होतो आणि यांना भोक हवं होतं स्वच्छ. प्लेटीच्या मधोमध बोल्ट बसवला, बोल्टला पट्टी जोडली आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ग्राइंडर बांधला. मग तो ग्राइंडर घाण्याच्या बैलासारखा बोल्टभोवती फिरवत राहिले. दर फेरीला पातं जरासंच खाली. मध्येमध्ये थांबून लोखंड निवू द्यायचं, नाहीतर प्लेट वाकते. शेवटी मधली भलीमोठी चकती धाडकन खाली पडली, तरी यांचं समाधान नाही. अर्धगोल कानस घेऊन आतला काठ घासायला बसले. घासायचं, बोट फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. पंपाच्या प्लेटीचे इतके लाड कोण करतं?

दुपारी मी भजनाला गेले. आमचं बायकांचं भजन आहे. सासू-सासरे, दीर, नणंदा, सणवार, सगळ्यांचं रांधून झाल्यावर आता कुठे मला दुपार मिळाली आहे, ती मी सोडत नाही. परत येते तर शेजारीण कुंपणापाशी उभी.

"गो, मोठो टोप कित्याक काढलास? म्हाळ तर कधीचे झाले!"

आमचा मोठा टोप माळ्यावर असतो. तो खाली येतो गणपतीत, नाहीतर पितरांच्या म्हाळाला. अधल्यामधल्या दिवशी तो दिसला की लोक, घरात काय झालं, म्हणून चौकशीला येतात. मी तशीच गोठ्यात गेले.

प्लेट चिऱ्यांच्या दोन रांगांवर ठेवली होती. टोप त्या भोकात काठापर्यंत उतरला होता आणि तसूभर हलत नव्हता. बाजूला खडूने दुसरा गोल आखलेला. ती चूल होती. गणपतीत मुलगा म्हणाला होता, आईच्या बांगड्याच्या तिखल्याला पर्यटक रांग लावतील. मी हसले होते. हे आणि मुलगा मात्र हसले नव्हते, ते आत्ता लक्षात आलं.

"खानावळ घालतास?"

"झिलान सुचवल्यान," हे म्हणाले. "मालवणाक जाणारे लोक हंयसूनच जातत. तुज्या हाताक चव आसा."

"म्हणजे रांधूचा मीच?"

यांनी टोप थोडा वर उचलून धरला. "काठ बघ. बोट फिरव. तुजो हात खंय कापूचो नाय म्हणान इतको घासलंय."

मी बोट फिरवलं. काठ खरंच लोण्यासारखा होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. माझ्या बोटांची इतकी काळजी, आणि माझ्या दुपारचं कुणाच्या मनातही आलं नाही.

"तुमी माका इचारलास?"

"आता इचारतंय मां."

"मगे आता मी नाय म्हणतंय."

यांनी टोप परत भोकात सोडला. मला वाटलं, आता आवाज चढवतील. चढवला नाही. तो टोप एकटीला उचलवत नाही. एक कडी मी धरली, दुसरी यांना धरायला लावली आणि आम्ही तो परत माळ्यावर चढवला.