दोन गाड्यांमधला देश

घरातल्या कुठल्याही प्रवासाचं मार्गदर्शन मी करायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. ती मीच पाडली. त्यामुळे आमच्या म्हैसुरातल्या देवराज मोहल्ल्यातून युरोपचं ते उशीएवढं जाड प्रवासपुस्तक मी मोठ्या रुबाबात घरी आणलं.

मुलगी लक्झेंबर्गला, दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं, म्हणजे तिचं माहेरी येणं रद्द. आता आईनं तिकडे जायचं की नाही, एवढाच प्रश्न. आणि आई, म्हणजे माझी बायको, इथून तासाभरावरच्या कृष्णराजनगरच्या पलीकडे एकटी कधी गेलेली नाही. परमुलखात बाळंतपण आपल्या हातून निभेल का, या धास्तीनं ती तिकिटाचा विषयच काढू देत नव्हती. पुस्तक वाचून दाखवलं की तिला धीर येईल, असं मला वाटलं.

फ्रान्स तर संपता संपेना. तिथल्या चीजलासुद्धा वेगळं प्रकरण. लक्झेंबर्ग मात्र बेल्जियमच्या शेपटाला, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला दाराजवळ पाट द्यावा तसं. एक किल्ला, एक चर्च, एक पूल, आणि वर सल्ला: दोन गाड्यांच्या मधल्या वेळात हा देश सहज बघून होतो.

ही जात मी ओळखतो. सकाळच्या बसनं बंगळूरहून यायचं, राजवाडा, प्राणिसंग्रहालय, मार्केटात चंदनाचा साबण, आणि संध्याकाळी म्हणायचं, म्हैसूर झालं. हे लेखकमहाशय तर बहुधा स्टेशनवर लघुशंकेपुरते उतरले असावेत.

बायकोचे प्रश्न साधे होते. तिथल्या घरात शेक-शेगडी करता येते का? डिंक, अळीव मिळतात का? अडीअडचणीला शेजारी दार उघडतात का? मी पानं उलटत राहिलो. किल्ल्याच्या तटाची उंची तेवढी सापडली, ती मी वाचली.

चिडली की ती कन्नडवर येते आणि मला गप्प बसवते. "सुम्ने बसा री," ती म्हणाली. "तटावर नेऊन शेकू का लेकीला?"

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बोलता बोलता तिनं सांगितलं, समोरच्या दारात एक पोर्तुगीज आजी राहते. तिकडे पोर्तुगीज गल्लोगल्ली आहेत म्हणे. पुस्तकात त्यांचं नावही नाही. तोफेचं तोंड कुठल्या दिशेला, ते मात्र आहे. ही आजी लेकीसाठी कोंबडीचं सूप घेऊन आली, लेकीला मांसाहार चालत नाही म्हटल्यावर कोबीचं करून आणलं, आणि दम दिला की बाळ झाल्यावर चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही.

बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"चाळीसच म्हणाली? आणि कानाला वारं लागू द्यायचं नाही, हे?"

तेही म्हणाली, मुलीनं सांगितलं.

"तिकीट काढा," बायको माझ्याकडे न बघताच म्हणाली, आणि फोनवर मुलीला विचारू लागली की आजींचे दात शाबूत आहेत ना, डिंकाचे लाडू चावतील ना त्यांना.