गुणाबाईंच्या गाण्याचा जबाब

परवा चावडीवरच्या रेडिओवर दोन विद्वान भांडत होते. परदेशात देशोदेशीच्या गाण्यांच्या स्पर्धा होतात, तिथं गायलं जाणारं गाणं खरंच त्या त्या देशाचं उरलंय का, हा वाद. एक म्हणे उरलंय, दुसरा म्हणे सगळ्यांची एकच खिचडी झाली आहे. चावडी आमच्या दारासमोर, त्यामुळे नको असलं तरी ऐकावं लागतं. मी तांदूळ निवडत मनात म्हटलं, बाबांनो, आमच्या गुणाबाईंना बोलवा, तुमचा चहा निवायच्या आत निकाल लावतील.

गुणाबाई माझ्या थोरल्या जाऊ. मी त्यांना बाई म्हणते. मूल या तालुक्याच्या गावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला नाला, आणि नाल्यापलीकडे जंगलात गोंडांचा टोला, छोटीशी वस्ती. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि राग कायम नाकावर. त्या बोलायला लागल्या की आमचे थोरले दीर दादाजी चिलीम शोधायला अंगणात जात. पण गळा! तो गळा देताना देवानं हात आखडला नव्हता, एवढं त्यांच्या शत्रूनंही कबूल केलं असतं.

हा गळा ऐकायचा तर रोवण्यात, म्हणजे भातलावणीत. आमच्याकडे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवायला दोन ओळी लागतात. एक आमच्या गावच्या बायांची, तिच्या पुढं गुणाबाई. दुसरी टोल्यावरच्या बायांची, तिच्या पुढं सोमारी. दोन्ही ओळी बांधीच्या मधोमध समोरासमोर उभ्या राहतात आणि रोवत रोवत मागं सरकतात. सुरुवातीला एकमेकींच्या डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ, शेवटी दोघी दोन टोकांच्या धुऱ्यांवर, बांधांवर. बाई एक ओळ फेकायच्या, टोमणा मारणारी. सोमारीनं तिथल्या तिथं जुळवून जबाब द्यायचा आणि तिच्या बायांनी ‘रेला रे रेला’ म्हणत तो उचलून धरायचा. अंतर वाढेल तसा आवाज वाढवावा लागायचा. मागच्या वर्षीची शिळी ओळ कोणी फेकली तर समोरच्या बाया खोखो हसायच्या. अर्धं गाणं आमच्या बोलीत, अर्धं गोंडीत, आणि दोघींना दोन्ही कळायचं. कंबर दुखते हे आम्हाला घरी गेल्यावर आठवायचं.

हे सगळं एका शब्दानं बंद पडलं.

आमच्या धुऱ्यावर एक मोहाचं झाड आहे. त्याची फुलं सोमारीच्या घरचे वेचत आलेले, तिच्या सासूच्या सासूपासून. कोणी कधी विचारलं नाही, कोणी अडवलं नाही. एका चैतात मोहा कमी पडला. सकाळी बाई धुऱ्यावर गेल्या, तर सोमारी टोपली भरून उठत होती. आदल्या दिवशी घरात कशावरून तरी वाजलं होतं, तो राग शिल्लक होता. बाई म्हणाल्या, “चोट्टी कुठची!”

सोमारीनं टोपली तिथंच पालथी घातली, फुलं झाडाखाली सांडली आणि रिकामी टोपली काखेत मारून नाला ओलांडून गेली. बाईंना तेव्हाच वाईट वाटलं असणार, कारण घरी येऊन त्यांनी दुप्पट आरडाओरडा केला. चूक कळली की माणूस दोन गोष्टी करतो, वाकतो नाहीतर ताठतो. बाई ताठल्या. झाडाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

त्या वर्षी टोल्यावरच्या बाया दुसऱ्या गावी रोवायला गेल्या. आम्ही इकडून तिकडून मजूर आणले. धान रोवून झालं, पण रोवणा मुका गेला. बाई म्हणत राहिल्या, “मले का फरक पडते?” आणि भांडी आपटत राहिल्या.

त्याच हिवाळ्यात नागपूरहून एक साहेब आले. गाण्याच्या खात्यातले. सरळ माणूस, चावडीवर सतरंजी टाकली तरी मातीत बसले. परदेशातल्या तशा एका स्पर्धेला ते स्वतः जाऊन आले होते. “आपल्याकडून मागच्या खेपेला जे गाणं गेलं,” ते म्हणाले, “ते डोळे मिटून ऐकलं तर कुठल्याही देशाचं वाटलं असतं. म्हणून यंदा मीच शोधत फिरतोय.” पाटलानं बाईंना बोलावलं. बाईंनी रोवण्याच्या चार ओळी म्हटल्या. साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

“किती वेळाचं आहे हे गाणं?” त्यांनी विचारलं.

“बांधी सरंलवर,” बाई म्हणाल्या. रोवून संपेपर्यंत.

साहेब हसले. तिथं प्रत्येक देशाला तीनच मिनिटं मिळतात आणि गाणारा एकटा लागतो, मागं साथ असली तरी चालते, असं त्यांनी सांगितलं. आधी नागपुरात निवड, तिथं जमलं तर मग विमान.

विमान हा शब्द गावात पसरायला संध्याकाळ पुरली. पोरंसोरं आभाळाकडं बघून “गुणामावशीचं इमान” म्हणून ओरडायला लागली. बाईंच्या चालीत फरक पडला. एकदा पाणी भरताना, नाल्यापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, त्या मला म्हणाल्या, “वच्छले, एकटीलेच बोलावलं बरं का. मले कोनाची गरज नाई.” मला तेव्हाच कळलं, बाईंना परदेश नको होता. त्यांना सोमारीला दाखवून द्यायचं होतं.

जेठात आम्ही निघालो. सोबतीला मी, कारण दादाजींना गाडी लागते. नागभीडला छोट्या रेल्वेची गाडी बदलली. बाई वाटभर दोन्ही ओळी एकट्याच म्हणून बघत होत्या. आपली म्हणायच्या, मग थांबायच्या, मग सोमारीची म्हणायला तोंड उघडायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. मी विचारलं, “काऊन थांबता बाई?” तर म्हणाल्या, “धूर जाऊन राह्यला घशात.”

नागपूरचं ते सभागृह गच्च भरलेलं. आमच्या आधी एका मुलीनं ‘शेतातलं गाणं’ म्हणून एक गाणं म्हटलं, मागं सात-आठ व्हायोलिनं. गाणं गोड होतं, खोटं कशाला बोलू? पण तिनं चिखलात कधी पाय घातला असेल तर मी नावाची वच्छला नाही.

मग बाई उभ्या राहिल्या. खरं म्हणजे उभ्या राहिल्या नाहीत. मायकापुढं गेल्या आणि सवयीनं कमरेत वाकल्या. लोक हसले. एका माणसानं येऊन त्यांना सरळ केलं. बाईंनी पहिली ओळ फेकली. सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली ती. माझ्या अंगावर काटा आला. आणि ओळ संपल्यावर बाई थांबल्या.

थांबल्या म्हणजे थांबल्याच. मान थोडी तिरकी करून, समोर बघत. मला माहीत होतं त्या काय ऐकतायत. लोकांना वाटलं बाई विसरल्या. कोणी खाकरलं, कोणी च्यक् केलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेबांनी धावपळ करून दोन गाणाऱ्या मुलींना बाजूला उभं केलं. चावडीवर बाईंनी सांगितलेला सोमारीचा जबाब त्यांनी तेव्हा लिहून घेतला होता, तो मुलींच्या हातात दिला. पुन्हा सुरू झालं. बाईंची ओळ संपते न संपते तोच मुलींनी तालात, सुरात, कागदात बघून जबाब दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं, मी म्हटलं, निघालं इमान!

बाईंनी हात वर केला. “थांबा पोरीहो. चांगलं म्हनता. पन हे माहं गानं नाई.”

साहेब पुढं आले. बाई त्यांच्याशी बोलायला लागल्या, आणि मायक समोरच असल्यानं साऱ्या नागपूरनं ते ऐकलं. “साहेब, जबाब देनारी घरी रायली. तिच्या मनात काय येईन ते मले मालूम नसते, म्हनून तं मी ओळ फेकतो. ह्या पोरीचा जबाब कालचाच हाये. आन् जिचा हाये तिले मी चोट्टी म्हनलं. ते चोट्टी नाई.”

एवढं बोलून त्या खाली उतरल्या. मी पदरात तोंड लपवलं, लाजेनं म्हणा नाहीतर रडू येत होतं म्हणून म्हणा.

व्हायोलिनवालं गाणं निवडलं गेलं. साहेब आम्हाला स्टेशनवर सोडायला आले. रागावले नव्हते. म्हणाले, “दोन ओळी चालत नाहीत असं नियमात आहे, बाई. पण नियम माणसांनीच केलेत. मी भांडून बघतो.” बाई म्हणाल्या, “भांडा साहेब. पन वाईट बोलू नोका, लय महाग पडते.”

गावात आल्यावर जे व्हायचं ते झालं. “इमान पंक्चर झालं का बाई?” असं येता जाता कोणीही विचारी. एरवी बाईंनी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. या वेळी त्या कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर गेल्या आणि मोहाभोवतीचं कुंपण तोडून टाकलं. हाताला काटे रुतले ते रात्री मी सुईनं काढले. टोल्यावर जा, सोमारीशी बोला, असं मी सांगून पाहिलं. “कोनत्या तोंडानं जाऊ?” एवढंच म्हणाल्या. मग रोवण्याचं बोलावणं घेऊन मीच गेले. सोमारी अंगणात सूप विणत होती. तिनं मला पाणी दिलं, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

पण रोवण्याच्या दिवशी टोल्यावरच्या बाया आल्या. सोमारी त्यांच्या पुढं. समोरासमोर ओळी लागल्या, दोघींची डोकी हातभर अंतरावर, आणि दोघीही चिखलाकडं बघत. नुसता पऱ्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज. बाया मागं सरकत गेल्या. अंतर वाढत गेलं. मला वाटलं, जवळ असताना बोलल्या नाहीत, आता काय बोलणार?

दोघी धुऱ्यांना टेकायला आल्या, तेव्हा बाईंनी मान वर न करता ओळ फेकली. इतक्या लांबून फेकायची म्हणजे साऱ्या शिवाराला ऐकू जाणारच.

“मोहाखालचे काटे काढले गं, जिभेचा काटा कोन काढी?”

आणि थांबल्या. नागपुरात थांबल्या होत्या तशाच, मान तिरकी करून. पण तिथं निदान खाकरायला माणसं होती. इथं नाल्याच्या पाण्याचासुद्धा आवाज यायला लागला. आमच्या ओळीतली एकही बाई रोवत नव्हती. बाईंनी पऱ्ह्यांची मूठ छातीशी धरून ठेवली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं पाहिलं.

पलीकडून सोमारी सरळ उभी राहिली. चिखलाचा हात कमरेवर ठेवला.

“तू वाक, तू वेच, माही टोपली भर गं, मंग सोमारी काटा काढी!”

‘रेला रे रेला’ करत टोल्यावरच्या बायांनी ती ओळ अशी उचलली, की बांधावरचे बगळे उडाले. आमच्या बाया हसता हसता चिखलात बसल्या. बाई हसत होत्या की रडत होत्या ते सांगता येत नाही, तोंडाला चिखल लागला होता. त्या दिवशी पुढची बांधी दिवस बुडायच्या आत रोवून झाली, आणि गाणंही तेवढंच चाललं.

साहेब पुढच्या आषाढात आवाज पकडणारं यंत्र घेऊन आले. चपला हातात घेऊन धुऱ्यावर उभे राहिले. दोन ओळींतल्या सगळ्या बाया मावतील असं विमान अजून मिळालं नाही, पण भांडतोय, म्हणाले. मला वाटतं, जिंकतील. रेडिओवरच्या त्या दोघांना माझं सांगणं एवढंच, की गाण्याला देश विचारण्याआधी त्याला जबाब देणारं कोणी सोबत नेलं होतं का ते विचारा.

त्याच्या आधीच्या चैतात मात्र मी जे पाहिलं, ते यंत्रात नाही. सकाळी धुऱ्यावर गेले, तर मोहाखाली आमच्या गुणाबाई कमरेत वाकून फुलं वेचत होत्या, कंबर मोडली म्हणून कुरकुरत. सोमारी धुऱ्यावर पाय पसरून बसली होती आणि टोपलीकडं बोट दाखवून सांगत होती, “आजून भरली नाई.”