ऐकू न येणारा ड

ऑफिसात काय चाललंय असं घरी कोणी विचारलं, की "तेच ते" म्हणून मी विषय बदलते. पण नीलम, विकास आणि मी, आम्ही तिघं कुठे चहाला भेटलो, की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. आमचं कामच तसं आहे. ठाण्यात बसून आम्ही इंग्लंडमधल्या एका फोन कंपनीचे कॉल घेतो, आणि आमच्या डेस्कवर कॉल येतात ते एकाच कारणाने. घरातलं कोणीतरी वारलेलं असतं आणि त्या माणसाचा नंबर बंद करायचा असतो. अख्खी शिफ्टभर तेवढंच. त्यामुळे किस्से भरपूर, त्यात हसण्यासारखे कमी.

*

ट्रेनिंगला गोखले मॅडम होत्या. डोंबिवलीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. इंग्रजी शिकवायच्याच, पण मराठीही अशी बोलायच्या की आम्ही आपोआप ताठ बसायचो.

विकास भोईर बाळकुमचा. त्याच्या घराभोवती टॉवर उभे राहिले तरी तो अजून बाळकुमला 'गाव'च म्हणतो. दुसऱ्याच दिवशी उशिरा आला.

"सॉरी मॅडम. गावात हळदीला गेलेलो."

"गेलो होतो म्हणावं, विकास."

"तेच ना मॅडम. गेलेलो."

मॅडमनी मार्कर उचलला. म्हणाल्या, "बरं, मग आज हेच घेऊ. पुस्तकात 'आय हॅड गॉन' असतं. बोलताना कोणी इतकं सावकाश बोलत नाही. 'आय'ड गॉन' म्हणतात. त्या हॅडचा नुसता ड उरतो, आणि तोही धड ऐकू येत नाही. पण तुम्हाला तो ऐकावा लागेल. एक गोष्ट घडली आणि तिच्याही आधी दुसरी घडून गेली होती, हे त्या ड वरूनच कळतं. तुम्ही नाही का, 'गेलो होतो' आवळून 'गेलेलो' करत?"

विकास म्हणाला, "म्हणजे इंग्रज पण आपल्या ठाण्याचेच."

त्या दिवशी मॅडम पहिल्यांदा हसल्या.

*

नीलम दिव्याला राहते. सकाळी पाण्याच्या रांगेत भांडून यायची आणि दुपारी हेडफोन लावून एकदम गोड आवाजात "हाऊ मे आय हेल्प यू" म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात तिला एका बाईचा कॉल आला. बाई नवऱ्याबद्दल सांगत होती. हॉस्पिटलमधून फोन आला, मी लगेच निघाले, पण "बाय द टाइम आय गॉट देअर, ही'ड गॉन." मी पोचेपर्यंत तो गेला होता.

नीलमला तो ड बरोबर ऐकू आला. त्या आनंदात पुढच्या शब्दाकडे तिचं लक्षच नाही. आपण मराठीतही 'गेला' असंच म्हणतो, पण हेडफोन लावला की आमचं मराठी बंद होतं. तिने अगदी काळजीने विचारलं, "डिड यू फाइंड हिम लेटर, मॅम?" नंतर सापडले का?

आमची सगळी रांग तिच्याकडे बघायला लागली. नीलमलाही तेव्हा कळलं, आपण काय विचारलं ते.

पलीकडून बाई म्हणाली, "नॉट येट, डिअर."

अजून नाही, बाळ.

*

विकासचा किस्सा विकास स्वतः सांगत नाही. आम्हीच सांगतो, तोही तो नसताना.

एका म्हाताऱ्या माणसाचा कॉल होता. बायको वारलेली, नंबर तिच्या नावावर. तो म्हणाला, "आय'ड वॉन्टेड टू क्लोज इट." बंद करायचा होता. म्हणजे आता तसं नाही. विकासला ऐकू आलं, "आय वॉन्टेड टू क्लोज इट." बंद करायचाय, एवढंच. त्याने "शुअर, सर" म्हणून स्क्रिप्ट वाचायला घेतली. म्हातारा पुढे काहीतरी बोलत होता, ते विकासच्या आवाजाखाली गेलं. नंबर बंद झाला.

दोन दिवसांनी त्याच माणसाचा पुन्हा कॉल आला. बायकोचा फोन कोणी उचलला नाही, की तिचा रेकॉर्ड केलेला आवाज लागायचा. मी आत्ता बाहेर आहे, निरोप ठेवा, एवढंच वाक्य. तो रोज तो नंबर लावून ते ऐकायचा. आता नंबर लागत नव्हता.

विकास टेक्निकल टीमच्या हातापाया पडला. नंबर परत चालू झाला, आवाज मात्र पुसला गेला होता. दुसऱ्या कोणाला सांगायला लावलं नाही, विकासने स्वतःच फोन करून हे सांगितलं. म्हातारा म्हणाला, तुझी चूक नाही रे पोरा, मीच नीट बोललो नसेन. वर थँक्यू म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी विकासने डबा उघडला नाही. खाली टपरीवर आला आणि म्हणाला, "आईवरून शिवी घातली असती ना त्याने, तर बरं झालं असतं."

*

या प्रकारानंतर आमच्या टीम लीडरने फर्मान काढलं. शॉर्ट फॉर्म बंद. कस्टमरला काय बोलायचं ते बोलू दे, आपण पूर्ण 'हॅड' म्हणायचा, प्रत्येक शब्द सुटा सुटा.

नीलमने हे फारच मनावर घेतलं. "आय हॅड नोटेड युअर नंबर. आय हॅड अंडरस्टूड, सर." जिथे गरज नाही तिथेही हॅड. पलीकडचा माणूस आधीच वडिलांना पुरून आलेला. तो वैतागला. म्हणाला, बास झालं हे मशीन, मला माणसाशी बोलू द्या.

नीलम घाबरली आणि घाईघाईत म्हणाली, "सर, आय हॅड बीन ह्यूमन."

म्हणजे, मी माणूस होते.

तो माणूस म्हणाला, "मी टू." मीसुद्धा.

*

गोखले मॅडमचे मिस्टर गेले, तेव्हा आम्ही तिघं डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. मॅडम बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या बहिणीने आम्हाला पाणी आणून दिलं. रोज परक्या लोकांना "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणणारे आम्ही, पण मराठीत आम्हाला एक वाक्य जुळवता येईना.

शेवटी नीलमने विचारलं, "कसं झालं, मॅडम?"

मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आजारी वगैरे काही नव्हते गं. पेपर वाचत होते. मी खाली दूध आणायला गेलेले. आले, तर हे गेलेले."

विकासने मान खाली घातली, ती जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत वर केली नाही.

*

आणि हा एक. मी स्वतः ऐकलेला. नवी सिस्टिम शिकायला मला नीलमच्या कॉलवर जोडलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू येत होत्या.

एका बाईचा भाऊ वारला होता. बाई मोठ्या वयाची, आवाज कोरडा. नंबर, नाव, पत्ता, सगळं तिने न अडखळता सांगितलं. शेवटी नीलमने नियमाप्रमाणे विचारलं, आणखी काही लिहून ठेवायचं आहे का? या प्रश्नाला सगळे 'नो' म्हणतात.

बाई म्हणाली, "हो. आमचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. लिही, आय'ड फर्गिव्हन हिम."

नीलमने टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "शी फर्गेव्ह हिम." तिने त्याला माफ केलं.

"नो, डिअर. आय'ड. तो गेला त्याच्या आधी. माफ केलं होतं."

नीलमने सॉरी म्हणून वाक्य दुरुस्त केलं. या वेळी चूक नको म्हणून तिने एकेक शब्द सुटा करून वाचला. "व्हेन ही डाइड, शी हॅड फर्गिव्हन हिम." तो गेला, तेव्हा तिने त्याला आधीच माफ केलं होतं.

पलीकडे नुसता टीव्ही ऐकू येत होता. नीलमने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"आर यू देअर, मॅम?"

"टेक द हॅड आउट," बाई म्हणाली.

तो हॅड काढून टाक. म्हणजे 'आधीच' नाही.

नीलमने काढला.