गाडी लागणारे मिस्त्री

मोटारींच्या पोटात हात घालून ज्यांनी आयुष्य काढलं आणि मोटारीत बसल्याबरोबर ज्यांच्या स्वतःच्या पोटात ढवळायला लागायचं, असे मिस्त्री उभ्या कोकणात एकच होऊन गेले, आणि ते पोलादपूरला होते. गाडी लागणं हा प्रकार चारचौघांना असतो. पण यांना ती नुसती चालू होऊन फाटकाबाहेर पडली तरी लागायची. दुरुस्त झालेली गाडी ते मालकाला चालवून बघायला सांगत आणि स्वतः रस्त्याच्या कडेनं तिच्या बरोबरीनं झपाझप चालत. एकदा महाडला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. घरची मंडळी प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं निघाली आणि हे त्याआधीच पहाटे पायी. वाटेत एका वळणावर ती मोटार बंद पडलेली यांना दिसली, कारण हे अजून तिच्या पुढेच होते आणि मागे गलका ऐकून परत फिरले होते. त्यांनी कोट काढला, अर्ध्या तासात मोटार चालू करून दिली, बायकोमुलांना पुन्हा नीट बसवलं, आणि कोट अंगात घालून मोटारीच्या धुरळ्यातून चालत निघाले. लग्नाला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. याबद्दल त्यांना कोणी हटकलं तर म्हणायचे, "नवराबायको तर दिसली ना मला."

मी त्या वेळी महाडला वकिली करत होतो. पन्नास साल उलटून गेलेलं, मुंबई-गोवा रस्त्यावर मोटारी अजून ओळखीच्या माणसांसारख्या एकेकट्या दिसायच्या. माझं बरंच काम खेडच्या कोर्टात असे, म्हणून मी एक जुनी विलायती गाडी घेतली होती. ती बिघडायची, आणि बिघडली की पोलादपूरला मिस्त्रींच्या शेडपुढे उभी राहायची. शेड म्हणजे चार खांबांवर कौलं. त्याखाली मिस्त्री: कमरेला खाकी अर्धी चड्डी आणि वर, कुठल्याही ऋतूत, काळा कोट. त्या कोटाच्या एका खिशात नट आवळायचे पाने असत आणि दुसऱ्यात तंबाखू नि चुन्याची डबी. दोन्ही खिसे कधी बदलले नाहीत आणि कोटही.

गाडी आली की मिस्त्री तिच्याकडे बघायचेच नाहीत. आधी मालकाला बाकावर बसवायचे, मागच्या घरातून चहा मागवायचे आणि म्हणायचे, "हां, पहिल्यापासून सांगा." पहिल्यापासून म्हणजे खरोखरच पहिल्यापासून. सकाळी निघताना गाडी चटकन सुरू झाली की दोनदा कण्हली, वाटेत कुठे थांबलात, थांबलात ते झाडाखाली की उन्हात, बरोबर कोण होतं, ते जाड होते की बारीक. मालकानं मधेच बॉनेटला हात लावला तर ते चहाचा कप खाली ठेवून बघत राहत, आणि तो हात आपोआप मागे येई. त्यांना एकच शब्द सहन होत नसे, तो म्हणजे 'अचानक'. महाडचे एक लाकडाचे व्यापारी एकदा तावातावानं सांगत आले की गाडी अचानक बंद पडली. मिस्त्रींनी त्यांना दोन कप चहा पाजला आणि त्यांच्याच तोंडून काढून घेतलं, की दिवाळीपासून तिच्यातून कुईकुई आवाज येत होता. मग शांतपणे म्हणाले, "शेट, अचानक काय होत नाय. तुमचं लक्ष तेवढं अचानक गेलं." व्यापारी पुन्हा महिनाभर पोलादपूरच्या बाजूला फिरकले नाहीत, पण नंतर आले, कारण दुसरीकडे गाडी सुधारत नव्हती.

मिस्त्रींचं एकाच माणसाशी बोलणं नव्हतं, आणि तो माणूस नेमका माझा ड्रायव्हर होता. दोघे एकमेकांचे व्याही. मिस्त्रींची लेक ड्रायव्हरच्या थोरल्या मुलाला दिलेली. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी ड्रायव्हरच्या हाताची तारीफ करत होतं, तेव्हा मिस्त्री वाढता वाढता बोलून गेले, "हात बरा हाय, पण पाय क्लचवरून उठत नाय." वाढप्याच्या तोंडून, भर पंगतीत आणि मुलाच्या सासऱ्याकडून. ड्रायव्हर पानावरून उठले नाहीत, पण त्या दिवसापासून ते मिस्त्रींशी एक अक्षर बोलले नाहीत. मी गाडी घेऊन शेडपुढे आलो की ते उतरून रस्त्यापलीकडच्या वडाखाली पाठ करून बसत. दोघेही पन्नाशी ओलांडलेले, दोघेही तापट नव्हेत; त्यामुळे भांडण मिटायला काही निमित्तच मिळत नव्हतं.

आता जे सांगतो त्यात माझी बाजू लंगडी आहे. एका उन्हाळ्यात माझी गाडी कशेडीच्या चढावर उकळायला लागली. पोलादपूर सोडून घाट लागला की पाच-सहा वळणांनंतर पुढून वाफेचे लोट यायचे. गाडी गार होऊ द्यावी, झाकण उघडावं, तर रेडिएटर जवळजवळ कोरडा. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी ड्रायव्हरना विचारलं, "सकाळी पाणी भरलं होतंत का?" आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "भरलं होतं साहेब." तिसऱ्या वेळी खेडच्या कोर्टात एका विधवा बाईचा खटला होता. दिरांनी तिला राहत्या घरातून काढायचं चालवलं होतं आणि त्या दिवशी तिची साक्ष होती. ती बाई ओळखीचं कोणी नाही अशा कोर्टाच्या पायरीवर माझी वाट बघत बसली असणार, हे डोळ्यांपुढे येत होतं आणि मी घाटात वाफ बघत उभा होतो. एका ट्रकवाल्यानं मला खेडला पोचवलं तेव्हा पुकारा होऊन गेला होता. पुढली तारीख मिळाली, एवढंच. बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग मी आता परत तिथंच जाऊन राहू का?"

परत आलो तो राग डोक्यात घेऊन. घाटात गाडीपाशी ड्रायव्हर बसले होते, रस्त्याच्या कामावरची दहा-बारा माणसं भोवती होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "सहा वर्षं विश्वास ठेवला. साधं पाणी भरायचं तुमच्याच्यानं होत नाही. उद्यापासून येऊ नका." किल्ली माझ्या हातात न देता ड्रायव्हरनी ती गाडीच्या टपावर ठेवली, टोपी सारखी केली आणि पायवाटेनं आपल्या वाडीकडे उतरून गेले. मी बैलजोडी जोडून गाडी पोलादपूरला आणवली.

मिस्त्रींनी चहा मागवला. मी पहिल्यापासून सांगितलं आणि शेवटी म्हणालो, की पाणी भरलंच नव्हतं, म्हणून ड्रायव्हरला काढून टाकलं आहे. मिस्त्रींनी बराच वेळ तंबाखू मळली. म्हणाले, "वकीलसाहेब, पान्याची टाकी रिकामी मिळाली हे तुम्ही बघितलंत. ती आधीपासून रिकामी होती हे कोनी बघितलं?" कोर्टात हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत असे.

दोन दिवस त्यांनी गाडी शेडमध्ये चालू करून ठेवली. पंप गळत नव्हता, नळ्या साफ होत्या. पंख्याचा पट्टा त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितला, तो हवा तेवढाच ताठ होता. पंखा असा फिरत होता की पुढे उभं राहिलं तर धोतर फडफडावं. पाणी उकळायचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "इथं ती शहान्यासारखी वागते. तिला घाटातच न्यायला हवी. आणि ज्याच्या हातात बिघडली त्यालाच चालवाया बोलवा."

"म्हणजे तुमच्या व्याह्यांना?"

"ज्याच्या हातात बिघडली त्याला," मिस्त्री पुन्हा म्हणाले.

म्हणून मी, ज्यानं त्यांना काढलं होतं तोच, दुपारच्या उन्हात वाडी चढून गेलो. ड्रायव्हर अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होते. मिस्त्रींची लेक दारात उभी होती. तिनं मला पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. मी येण्याचं कारण सांगितलं. ड्रायव्हरनी विचारलं, "त्यांनी बोलावलंय?" मी हो म्हटलं. ते आत गेले आणि धुतलेला सदरा घालून आले.

शेडमध्ये मिस्त्रींनी बॉनेट काढून बाजूला ठेवलं होतं. पट्ट्यानं जी पुली फिरते, तिला जोडूनच पंखा बसवलेला असतो. मिस्त्रींनी डबीतला चुना बोटावर घेतला आणि पुलीपासून पंख्याच्या मुळापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढली. मग ते पुढच्या मडगार्डवर इंजिनाकडे तोंड करून बसले, कमरेला दोर बांधून घेतला, आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, सावकाश घ्या."

मी आत पुढच्या सीटवर होतो. ड्रायव्हर माझ्या शेजारीच, मिस्त्रींपासून दीड हातावर बसले होते आणि दोघांच्या मधे काचेखेरीज काही नव्हतं. तरी मी म्हणालो, "ते म्हणतात, सावकाश घ्या." ड्रायव्हर म्हणाले, "त्यांना सांगा, मी कायम सावकाशच घेतो."

अशी आम्ही कशेडी चढायला लागलो. 'त्यांना सांगा दुसऱ्या गिअरात घाला', 'त्यांना सांगा घातलाय', असं माझ्यामार्फत चाललं होतं. गडगडाटात मला मान बाहेर काढून ओरडावं लागत होतं. समोरून येणाऱ्या एका ट्रकचा ड्रायव्हर मडगार्डवरचा तो काळा कोट बघून गाडी उभी करून बघत राहिला. तिसऱ्या वळणावर मिस्त्रींचा चेहरा पिवळा पडला. चौथ्यावर त्यांनी डोळे मिटले, मग जबरदस्तीनं उघडून पुन्हा पंख्यावर लावले. पाचव्या वळणानंतर वाफेची पहिली शीळ ऐकू आली आणि त्यांनी हात वर केला. त्या आधीच ड्रायव्हरनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं होतं.

मिस्त्री दोर सोडून खाली उतरले आणि दगडाच्या गडग्यापाशी जाऊन ओकले. मी सीटखालचा तांब्या शोधत होतो, तोवर ड्रायव्हर पाणी घेऊन त्यांच्यापाशी पोचले होते. एका हातानं त्यांनी व्याह्यांचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं तांब्या पुढे केला. मिस्त्रींनी चूळ भरली, तोंड धुतलं, कोटाला हात पुसले आणि आम्हाला गाडीपाशी बोलावलं.

चुन्याची रेघ तुटली होती. अर्धी पुलीवर वरच्या बाजूला होती, अर्धी पंख्यावर खाली.

"दोघांना धरून ठेवनारी एक बारीक लोखंडी चावी असते, पाचरीसारखी," मिस्त्री म्हणाले. "ती झिजलीय. गाडी उभी असली की गंजानं दोघं चिकटून फिरतात, म्हनून शेडात काय समजत नाय. चढावर इंजिन तापतं, जोर लागतो, मग पुली फिरते आन् पंखा मागं राहतो. वारा मिळत नाय. पानी उकळतं, झाकनातून उडून जातं. तुम्ही येऊन बघता तेव्हा टाकी रिकामी." ते माझ्याकडे न बघता बोटानं चुना पुसत राहिले. "त्यांना सांगा, पानी भरलेलं होतं."

हे वाक्य पोचवायला मला फार वेळ लागला. ड्रायव्हर समोरच उभे होते. मी म्हणालो, "पाणी भरलेलं होतं. माझं चुकलं." ते मी गाडीकडे बघून म्हणालो होतो, म्हणून त्यांच्याकडे बघून पुन्हा म्हणालो. ज्या माणसांपुढे मी बोललो होतो ती खाली रस्त्यावर खडी फोडत होती. परत येताना गाडी थांबवून मी त्यांनाही सांगितलं. एक बाई म्हणाली, "आमाला ठावं होतं. तुमी खाली चहाला थांबता तवा हे झऱ्यावरनं पानी भरत्यात." तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

नवी चावी मिस्त्रींनी कानशीनं घासून स्वतः केली. पुढे गाडी कशेडी चढली ती कधी उकळली नाही. त्या बाईची साक्ष पुढच्या तारखेला झाली आणि घर तिच्याकडे राहिलं. ड्रायव्हर माझ्याकडे आणखी नऊ वर्षं होते. व्याह्यांचं बोलणं सुरू झालं का, म्हणाल तर मी ते कधी ऐकलं नाही. पण वडाखाली पाठ करून बसणं थांबलं. आम्ही गेलो की दोघे बाकाच्या दोन टोकांना बसून चहा पीत आणि मधल्या जागेत मी.

ड्रायव्हर वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पोलादपूरला मुद्दाम उतरलो. मिस्त्रींनी काम सोडलं होतं. साठ सालानंतर रस्ता रुंद झाला होता, मालट्रकांची रांग तुटत नव्हती. त्यांना पलीकडे देवळात जायचं होतं आणि ते किती वेळचे कडेला उभे होते कोण जाणे. मला बघून म्हणाले, "बरे आलात." जन्मभर ज्यांनी गाड्यांना धाक दाखवला त्यांना आता त्या गाड्यांमधून वाट काढायची भीती वाटत होती. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, आणि ट्रकांमधलं अंतर बघत आम्ही सावकाश पलीकडे गेलो. रस्ता मागे पडला, देवळाची पायरी आली, तरी त्यांनी हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.